बारा मार्चची बाटली

मंगळवार, ४ मार्च

ही वही शाळेच्या स्वयंपाकघरातली. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात ‘सोमवार : मॅकरोनी, मटार, सफरचंद’ असं लिहिलंय. जानेवारीत नोकरी सोडताना चुकून पिशवीत आली आणि मी परत केली नाही. अठरा वर्षं दीडशे पोरांना मटार वाढलेत, एवढा हक्क पोचतो मला.

आज गावसभा होती. रस्ते सारखे करायच्या मशीनवरून दोन तास वादावादी, मग हॉलमध्ये बीन्सचं जेवण. घरी आल्यावर सासरे, म्हणजे ओरिन, ज्यांना आम्ही सगळे पॉप म्हणतो, टोपी न काढताच टेबलाशी बसले. ते असे टोपीसकट बसले की समजायचं, काहीतरी ठरवून आलेत.

“मार्नी, यंदा काहिलीवर तू उभी राहा,” ते म्हणाले. “माझी कंबर आता साथ देत नाही.”

लग्नाला चोवीस वर्षं झाली. चोवीस वसंत मी या घरच्या मेपलच्या रानात झाडांना टांगलेल्या रसाच्या बादल्या ओतल्या, लाकडं फोडली, आल्यागेल्याला डोनट तळून वाढले. पण त्या रसाचा पाक आटवायला गुऱ्हाळात काहिलीपाशी पळी धरून उभे राहायचे ते पॉपच. मी नोकरी सोडली तीच मुळी या आशेवर. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या टोपीचा पापा घेतला.

“थांब, पुढचं ऐक. डोंगरापलीकडच्या त्या मोठ्या कंपनीचा माणूस एकतीस तारखेला कागद घेऊन येतोय. आपलं सगळं रान वीस वर्षांसाठी भाड्यानं मागतायत. तुझा पाक स्वच्छ निघाला तर त्याला कॉफी पाजून परत पाठवीन. नाही निघाला तर सही करीन. धुरकट पाकावर फेचं लेबल मी लागू देणार नाही.”

फे म्हणजे माझी सासू. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. लेबलावरचं चित्र तिनंच काढलेलं : एक झाड, एक बादली आणि खाली ‘ओरिन ट्रॉम्बली आणि घरचे’. छापलेले गठ्ठे अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ, तेही ठरलेलं. गुऱ्हाळाच्या खिडकीत चपट्या काचेच्या बाटल्या असतात. एकीत पाक भरायचा, तिच्यामागं शेतकरी पंचांग धरायचं आणि बारीक अक्षर आरपार वाचता आलं तर पाक पास. साठ वर्षं पॉप ही परीक्षा घेतायत. आता परीक्षेला मी.

शनिवार, ८ मार्च

रस सुटला! रात्री कडाक्याची थंडी, दिवसा ऊन, एकशेवीस बादल्यांत टपटप टपटप. सकाळी सातला काहिलीखाली जाळ केला आणि दुपारी तीनला पहिला घाणा उतरवला.

पाक होतो कधी, ते मला थर्मामीटर सांगतो. पॉप कोपऱ्यातल्या बाकावर काहिलीकडे पाठ करून बसले होते. काटा अजून अर्धा अंश खाली असतानाच म्हणाले, “पळी उचल, झाला.” मी पळी उचलली तर पाक धारेनं न पडता पडदा धरून खाली आला. झालाच होता.

“कसं कळलं?”

“बुडबुड्यांचा आवाज जाड झाला,” म्हणाले. शायनिंग मारायची एक संधी सोडत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, गाळण. रस आटला की झाडानं जमिनीतून ओढलेला सगळा क्षार बारीक रेतीसारखा वर येतो. दाताखाली कचकचतो, बाटलीच्या तळाशी बसतो. तो गाळायचा तर पाक कढत असतानाच. मी यंदा गाळायच्या दोन नव्या टोप्या मागवल्यात. जाड लोकरीसारखं कापड, खाली निमुळती, दुधाच्या कॅनवर टांगायची. मी आपली कोरडी टोपी टांगली, आधी शांतपणे कॉफी प्यायले आणि मग पाक ओतला. तोवर पाक कोमट झालेला. थेंब, थेंब, थेंब. पाऊण तासानं माझा संयम संपला आणि मी टोपी धरून पिळली.

“पिळतेयस?” पॉप पाठमोरेच ओरडले. “तू टोपी पिळतेयस?”

या माणसाला पाठीला डोळे आहेत. पिळलेल्या टोपीच्या कापडाची वीण फुटते आणि ती कायमची जाते, हे मला त्यानंतर दहा मिनिटं ऐकवण्यात आलं. एक टोपी गेली.

मग बाटली खिडकीत धरून परीक्षा. पॉपनी चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला, बाटली जवळ नेली, लांब नेली, पुन्हा चष्मा पुसला.

“धुरकट.”

होताच धुरकट. नदीला पूर आल्यासारखा दिसत होता. मी त्या बाटलीवर ‘८ मार्च’ अशी पट्टी चिकटवून ती खिडकीच्या फळीवर ठेवली. प्रत्येक घाण्याची एक ठेवणार आहे, म्हणजे प्रगती दिसेल.

बुधवार, १२ मार्च

आज सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. टोपी आधी उकळत्या पाण्यात भिजवली. आत पाच पातळ अस्तरं, एकात एक. पाक काहिलीतून सरळ टोपीत, वर झाकण. धार मंदावली की आतलं एक अस्तर अलगद उचलायचं, खालचं स्वच्छ असतं. कॉफी प्यायले नाही. टोपीला हातसुद्धा लावला नाही.

पाक काय उतरला! पातळ चहाच्या रंगाचा आणि आरपार. मी स्वतः पंचांग धरून पाहिलं. ‘मटार पेरण्यास उत्तम दिवस’ हे मला बाटलीतून वाचता आलं. (मटार माझी पाठ सोडणार नाहीत.) डेल, माझा नवरा, गावच्या रस्त्यांच्या कामावर असतो; तो चिखलात रुतलेला शाळेचा ट्रक ओढून नुकताच घरी आला होता. त्यालाही वाचता आलं.

पॉपनी बाटली खिडकीत धरली. चष्मा पुसला. पुन्हा धरली.

“धुरकट.”

“पॉप, मला वाचता येतंय की!” मी म्हणाले.

“मलाही,” डेल म्हणाला.

“तुम्हा पोरांना स्वच्छ म्हणजे काय ते माहीतच नाही. फे असती तर तिनं सांगितलं असतं.”

डेल म्हणाला, “मी बापडा रस्त्याचा माणूस, मला काय कळतं.” तो हल्ली पॉपसमोर जरा दबूनच असतो. जानेवारीत रस्त्यावरचा बर्फ काढताना त्यानं ट्रकच्या पुढच्या नांगरानं आपल्याच दारची पत्रपेटी पाडली, असं पॉप सगळ्या गावाला सांगतात. डेल म्हणतो, मी तिच्या जवळपाससुद्धा गेलो नाही. पण पेटी पडली होती, आणि नांगर चालवणारा तोच.

साठ वर्षं ज्यानं पाक पाहिलाय त्याला काहीतरी दिसत असणार जे मला दिसत नाही. वाईट वाटलं. ही बाटलीही पट्टी लावून फळीवर ठेवली.

शनिवार, १५ मार्च

डेलला काही बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितेय.

मी बादल्या गोळा करायला रानात गेले होते. त्या भल्या माणसाला वाटलं, बायको दमलीय, तिला मदत करू. त्यानं टोपी कपड्यांच्या मशीनमध्ये टाकली. साबण घालून. लायलॅकच्या फुलांच्या वासाचा साबण.

टोपी फक्त गरम पाण्यात खळबळायची असते, हे या भागातल्या पोराला पाळण्यात असताना कळतं. डेल याच घरात जन्मला आणि त्याला कळलं नाही, कारण त्याला गोड खाल्लं की दात दुखतो आणि तो गुऱ्हाळात कधी थांबलाच नाही. आजचा घाणा दिसायला सुंदर. चव : आजीबाईंचं कपाट.

पॉपनी चमचाभर तोंडात घेतला आणि बराच वेळ तसाच ठेवला. “मार्नी,” ते म्हणाले, “हा पाक अंगाला लावायचा की खायचा?”

मी हसून हसून बाकावर बसले. डेल गोठ्यामागं जाऊन उभा राहिला.

“आणि धुरकट आहेच,” पॉप म्हणाले.

सोमवार, १७ मार्च

दुसरी टोपी तीनदा उकळून काढली, वास गेला. पण माझा टोपीवरचा विश्वास उडालाय. अख्खी सकाळ कॅटलॉग घेऊन बसले.

एक सपाट गाळणीची टाकी आहे. जागा फार खाते आणि आमच्या गुऱ्हाळात आधीच दोन माणसं आणि बीन (कुत्रा) असले की दार लागत नाही. एक हवा ओढून गाळणारं यंत्र आहे, त्याला वीज जास्त लागते आणि आमच्याकडे आहे एक बल्ब. आणि मग आहे फिल्टर-प्रेस : लोखंडी पट्ट्या, मध्ये कागद, पाकात एक पांढरी भुकटी मिसळून हातपंपानं दाबून काढायचा. मोठ्या लोकांचं काम. म्हणतात, त्यातून निघालेला पाक खिडकीच्या काचेसारखा असतो.

शेजारच्या लूसियनकडे प्रेस आहे. लूसियन पॉपचे पत्त्यांतले चाळीस वर्षांचे जोडीदार, पण यंदा पॉपनी पत्तेच सोडलेत. कारण? “हल्ली पत्ते नीट छापत नाहीत. बदाम आणि चौकट सारखेच.” म्हातारपणी माणसाला कशाचाही राग येतो.

बल्बवरही आहे. आज तिसऱ्यांदा बदलायला लावला. “हे नवे बल्ब उजेड कमी देतात आणि भोवती कडं जास्त,” म्हणे.

लूसियनना फोन केला. “घेऊन येतो गं, त्यात काय,” म्हणाले. “पण एकशेवीस बादल्यांना प्रेस? मांजराला घोड्याचं खोगीर!”

गुरुवार, २० मार्च

लूसियन सकाळी ट्रकमधून प्रेस घेऊन आले. पॉपनी लांबून हात केला आणि जोरात हाक मारली, “ये रे लूसियन!” फक्त तो हात लूसियनकडे नव्हता, ताडपत्री घातलेल्या ट्रॅक्टरकडे होता. लूसियन ट्रॅक्टरच्या दुसऱ्या बाजूनं आले. पॉपची ही जुनी चेष्टा असावी. लूसियन मात्र हसले नाहीत.

प्रेसचं काम म्हणजे व्यायाम. पहिल्या धारेत भुकटी आली, तो पाक परत ओतून पुन्हा पंप. दोन्ही दंड भरून आले. मग एकदम स्वच्छ धार लागली. पण तेवढ्यात घाणाच संपला! आमचा एक घाणा म्हणजे या यंत्राच्या पोटातली निम्मी जागा. बराचसा पाक पट्ट्यांतच अडकून राहिला आणि पट्ट्या धुवायला दीड तास गेला. तरी म्हटलं, चालेल. आज कोणी धुरकट म्हणू शकणार नाही.

पॉपनी बाटली घेतली. चष्मा पुसला.

“धुरकट.”

मी खरंच रडकुंडीला आले. लूसियननी पॉपच्या हातातून बाटली काढून घेतली, स्वतः पाहिली, मग बाटलीकडे नाही, पॉपच्या तोंडाकडे पाहत राहिले.

“ओरिन, लेका,” ते अगदी हळू म्हणाले, “चष्मा कधी तपासलास शेवटचा?”

“तू तुझं यंत्र उचल आणि चालू लाग,” पॉप म्हणाले.

जाताना लूसियननी मला ट्रकपाशी थांबवलं. “मार्नी, तू टोपीच वापर. टोपीचा काही दोष नाही.” असं म्हणून थोडा वेळ तसेच उभे राहिले, जणू अजून काही बोलायचं होतं. मग बोललेच नाहीत. मला जरा रागच आला. यंत्र परत हवं होतं तर सरळ सांगायचं.

रविवार, २३ मार्च

दोन दिवस गुऱ्हाळं सगळ्यांना खुली. काल-आज मिळून दीडशे माणसं येऊन गेली असतील. गोठ्यामागच्या सावलीतला चांगला बर्फ परातींत भरला, त्यावर कढत पाक ओतला की त्याची चिवट पट्टी होते, ती काट्यावर गुंडाळून खायची. गोड फार झालं की आंबट काकडीचा तुकडा, मग डोनट, मग पुन्हा पाक. एका बाईनं सहा काकड्या खाल्ल्या आणि पाक घेतलाच नाही.

पॉप दारात उभे. प्रत्येकानं “नमस्कार ओरिन” म्हटलं की लगेच नावानिशी उत्तर, तब्येतीची चौकशी, गाईची चौकशी. पण कोणी न बोलता हसून मान हलवली तर त्याला सरळ दुर्लक्षून मोकळे! चर्चच्या पाद्रीबाई दोनदा हसल्या बिचाऱ्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि माझा काळा हातमोजा जमिनीवर पडला होता, त्याला “बीन, ऊठ वाटेतून” म्हणून दोनदा दटावलं. लोक हसले, पॉपही हसले. सोंगाड्या आहे हा माणूस.

सगळे विचारत होते, “लेबल कुठंय?” मी म्हणत होते, “वाळतंय अजून.” कोऱ्या बाटल्या विकताना मला वाढदिवसाला विनाकागदाची भेट देतेय असं वाटत होतं.

गुरुवार, २७ मार्च

लूसियनचं ऐकून पुन्हा टोपी. शिवाय पाक दोन दिवस निवळत ठेवून वरचा वरचा ओतून घेतला.

धुरकट.

चार दिवस उरले. आज पहिल्यांदा मला वाटलं की पॉपना सही करायचीच आहे आणि मी फक्त निमित्त आहे. तसं असेल तर तोंडावर सांगावं ना! रानातून परत येताना मी प्रत्येक झाडाला हात लावत आले. यांतलं एकही झाड माझं नाही आणि मला सगळी माझीच वाटतात. मग बीन चिखलात पाठीवर लोळला आणि त्याला धुण्यात संध्याकाळ गेली, ते बरंच झालं.

रविवार, ३० मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

कढत पाकानं बाटली तडकू नये म्हणून मी भरण्याआधी तिच्यात गरम पाणी भरून ठेवते. आज दुपारी तशीच एक भरली, खिडकीत ठेवली आणि लाकडं आणायला बाहेर गेले. परत येते तर पॉप खिडकीशी. एका हातात ती बाटली, दुसऱ्या हातानं तिच्यामागं पंचांग धरलेलं.

“धुरकट,” ते म्हणाले. मग जरा दया आल्यासारखे, “पण गुरुवारपेक्षा बरा आहे. रंगही हलका उतरलाय.”

लाकडं माझ्या हातातून पडली. एक पायावर पडलं, ते मला आत्ता दुखतंय.

“पॉप,” मी म्हणाले, “ते पाणी आहे.”

त्यांनी बाटली हलवून पाहिली. वास घेतला. मग ती फळीवर ठेवायला गेले, तर फळीच्या अलीकडेच सोडणार होते. मी धरली.

आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट धडाधड येऊन बसायला लागली. बल्ब. बदाम आणि चौकट. ट्रॅक्टर. माझा हातमोजा. पाद्रीबाई. लूसियन ट्रकपाशी का थांबले होते. एवढं सगळं मी माझ्याच हातानं या वहीत लिहून ठेवलंय आणि मला कळलं नाही! अठरा वर्षं पोरांच्या तोंडाकडे पाहून कुणाचं पोट दुखतंय ते ओळखणारी मी.

“कधीपासून?” मी विचारलं.

पॉप बाकावर बसले. टोपी काढली. “मागच्याच्या मागच्या हिवाळ्यापासून. आधी एक डोळा, मग दुसरा. सगळ्यावर धुकं.”

“मग सांगायचं नाही?”

“सांगितलं की तू डॉक्टरकडे नेणार, डॉक्टर गाडीची किल्ली काढून घेणार. मग मी काय, खिडकीत बसून तुमच्या गाड्या ऐकू?” टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, “मला दिसत नाही असं म्हणण्यापेक्षा तुझा पाक धुरकट आहे म्हणणं सोपं पडलं, पोरी. आणि खोटंही नव्हतं. मला धुरकटच दिसत होता.”

“आणि रान? वीस वर्षांसाठी देऊन टाकणार होतात!”

“जे मला दिसतच नाही ते कोणीही घ्या, असं वाटायचं.”

मला राग यायला हवा होता. तीन आठवडे मी पंप मारलेत, रडलेय, माझ्या टोपीला दोष दिलाय. पण राग आलाच नाही. मी त्यांच्याशेजारी बसले आणि रडले, आणि मग एकाएकी मला ‘रंगही हलका उतरलाय’ आठवलं आणि हसू फुटलं. थांबेचना. पॉपही हसायला लागले. काहिलीत रस उतू जायला लागला तेव्हा दोघंही एकदम उठलो. त्यांनी आवाजावरून ओळखलं, मी डोळ्यांनी, आणि फेस बसावा म्हणून साईचा थेंब टाकायला दोघांचे हात एकदम गेले.

“डेलला सांगू नकोस,” ते म्हणाले.

“एका अटीवर. पत्रपेटी कोणी पाडली?”

पॉपनी काहिलीखाली एक लाकूड सारलं.

“पेटी रस्त्याच्या फार जवळ होती,” पॉप म्हणाले.

सोमवार, ३१ मार्च

डेलला मी नाही, पॉपनीच सांगितलं, नाश्त्याला. डेल दोन मिनिटं बापाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे मी नव्हतो.” मग उठून बाहेर गेला आणि गुणगुणत पत्रपेटीचा खांब नव्यानं रोवला. रस्त्यापासून आणखी दोन हात आत.

दहाला कंपनीचा माणूस आला. भला माणूस होता, स्वच्छ बूट घालून या चिखलात आलेला. पॉपनी त्याला कॉफी पाजली, डोनट खाऊ घातला. त्यानं कागद पुढं सरकवले.

“न वाचता सही करायची माझ्यात रीत नाही,” पॉप म्हणाले. “आणि सध्या मला वाचता येत नाही.”

“मी वाचून दाखवतो ना, ओरिन.”

“तू तुझ्या आवाजात वाचशील. मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. मग बघू.”

कागद टेबलावर ठेवून तो गेला. त्याचा एक बूट दारातल्या चिखलात राहिला होता, तो बीननं आणून दिला.

दुपारी मी पॉपना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. त्या म्हणाल्या, हे तर आम्ही रोज काढतो, एवढे दिवस थांबलात कशाला? पॉप म्हणाले, “पाकात गुंतलो होतो.” गाडीची किल्ली तूर्त माझ्या पर्समध्ये आहे. त्यांनी स्वतः दिली, पण गाडीतून उतरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

शुक्रवार, ११ एप्रिल

बेडूक ओरडायला लागले. झाडांना कळ्या धरल्या की रसाला कुबट चव येते, म्हणजे मोसम संपला. बादल्या उतरवल्या, धुतल्या, पालथ्या घातल्या. टोपी गरम पाण्यात खळबळून, न पिळता, दोरीवर टांगली. डेल तिच्याजवळून जाताना दोन्ही हात खिशात घालतो.

प्रेस घेणार नाही, हे नक्की केलं. लूसियनना सांगितलं तर म्हणाले, “मी काय म्हणत होतो?” मी म्हटलं, तुम्ही निम्मंच म्हणाला होतात. त्यांनी मान खाली घातली. “चाळीस वर्षांचा जोडीदार आहे गं माझा. मी कसं सांगू?”

रान मात्र अजून लटकलेलंच आहे. ‘मग बघू’ म्हणजे नाही, असं मी धरून चाललेय, पण पॉपनी तसं म्हटलेलं नाही. आणि त्यांना खरंच नीट दिसायला लागल्यावर माझा पाक धुरकट निघाला तर? ही भीती आता मला एकटीलाच आहे, आणि ती आधीपेक्षा मोठी आहे.

गुरुवार, २४ एप्रिल

कोणाची तरी वेळ रद्द झाली म्हणून परवाच एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. काल पट्टी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काय दिसतंय?” पॉपनी माझ्याकडे पाहिलं.

“मार्नी, तुझे केस कधी पिकले?”

“तुम्ही पाक धुरकट म्हणत होतात तेव्हा.”

वाटेत गाडीत त्यांनी एकही पाटी सोडली नाही. सगळ्या मोठ्यानं वाचल्या, ‘अंडी मिळतील’ सुद्धा. पाद्रीबाई रस्त्यानं चालल्या होत्या, तर काच खाली करून एवढा हात हलवला की त्या दचकल्या.

आज सकाळी मी उठायच्या आत ते गुऱ्हाळात जाऊन बसले होते. मी गेले तर खिडकीच्या फळीसमोर उभे. ऊन बाटल्यांतून येत होतं. वरच्या फळीवर त्यांच्या स्वतःच्या जुन्या बाटल्या आहेत, वर्षावर्षाच्या, त्यांनी मानानं जपलेल्या. त्यातली एक त्यांनी खाली घेतली. तळाशी बोटभर रेती.

“ही कोणाची घाण?”

“तुमची. मागच्या वर्षीची.”

“हं,” म्हणाले आणि ती गुपचूप मागं लपवली.

मग माझी रांग. पहिल्यापासून, एकेक बाटली, मागं पंचांग धरून. मी दारातच थांबले. परीक्षेच्या निकालाला शाळेतसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. ८ मार्च : “अरेरे.” मग पुढची त्यांनी हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. चष्मा पुसला नाही. आज चष्माच नव्हता.

“मटार पेरण्यास उत्तम दिवस,” ते वाचायला लागले. “खालच्या ओळीत, सकाळी दाट धुकं.” बाटली फिरवून पट्टी पाहिली. “बारा मार्च. हिच्यात काय खोट होती गं?”

“तुम्ही धुरकट म्हणालात.”

“बारा मार्चला? म्हणजे दुसऱ्याच घाण्याला तुला जमलं होतं?”

“हो.”

“आणि त्यानंतर तू लूसियनचं यंत्र आणलंस, निवळत ठेवलंस, काय काय केलंस.”

“हो, पॉप.”

ते ड्रॉवरपाशी गेले, फेच्या लेबलांचा गठ्ठा काढला, वरचं एक उचललं आणि उजेडात धरून पाहत राहिले. झाड, बादली, अक्षरं. दोन वर्षांत त्यांनी ते पाहिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. “‘आणि घरचे’ हे तिनं बारीक अक्षरात का लिहिलं असेल?” ते म्हणाले. “मोठं लिहायला हवं होतं.” मग कंपनीचे कागद, जे मी टेबलावरून हलवायलाही धजले नव्हते आणि ते आज सोबत घेऊन आले होते, ते कोटाच्या खिशातून काढले, पहिलं पान सावकाश वाचलं, दुसरं पान वाचलं आणि सगळे चुलीत टाकले.

मी गोंदाची डबी त्यांच्यापुढं सरकवली.

त्यांनी लेबलाला पाठीमागून गोंद लावला आणि दोन्ही अंगठ्यांनी बारा मार्चच्या बाटलीवर चिकटवलं. एक बाजू वर गेली, बादली कलंडली.

“वाकडं लागलंय, पॉप,” मी म्हणाले.

“दिसतंय मला,” पॉप म्हणाले.